पोळा झाला, तणनाशकाची वेळ गेली. आता केना उपटा

सोयाबीन साठ-पासष्ट दिवसांचे झाले आहे, शेंगा भरू लागल्या आहेत आणि फवारणीतून वाचलेला केना, दुधी, कुंजरू ऐन फुलावर आहे. उघडीप मिळताच, बी पिकण्याआधी, हे तण मुळासकट उपटून शेताबाहेर काढावे. बाकीची कामे चार दिवस मागे पडली तरी चालतील.

एकदा फवारले की शेत स्वच्छ झाले, असे समजून उरलेल्या झाडांकडे दुर्लक्ष केल्याने चांगली शेते केन्याने भरून गेलेली मी पाहिली आहेत. तणनाशक उगवत्या रोपाला मारते; जमिनीत सुप्त पडलेल्या कठीण कवचाच्या बियांना ते सहसा बाधत नाही. त्या साठ्यातील थोडेच बी दरवर्षी उगवते, बाकीचे तसेच टिकून राहते. एकाच गटाचे, म्हणजे एकाच पद्धतीने तण मारणारे, औषध वर्षानुवर्षे मारले, की त्याला दाद न देणारी झाडे तेवढी उरतात, त्यांचेच बी गळते आणि जमिनीतील साठा हळूहळू त्यांचाच होतो. हरियाणातील गव्हात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्ली-डंडा हे गवत आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला असेच जुमानेनासे झाले. केना तर जमिनीखालीही फुलतो व तेथेच बी धरतो. त्याचे तुटलेले कांडे ओलीत पुन्हा मूळ धरते, म्हणून उपटलेला केना पिकाच्या तासात (दोन ओळींमध्ये) टाकू नये. बी धरलेले तण शेणखताच्या खड्ड्यातही नको.

या दिवसांत दुकानातून तणनाशकांचे 'जोरदार' मिश्रण हाती दिले जाते. ते घेऊ नये. इमॅझेथापायर १० टक्के हे पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, जमिनीत ओल असताना, एकरी ४०० मिली २०० लिटर पाण्यातून फवारायचे औषध आहे. शेंगांच्या अवस्थेत त्यावर केलेला खर्च वाया जातो.

पुढील खरिपासाठी:
- पहिल्या पावसानंतर तण उगवू देऊन वखरणी
- पेंडीमेथॅलिन ३० टक्के हे तणनाशक, एकरी १ ते १.३ लिटर, पेरणीनंतर ४८ तासांच्या आत
- दोन डवरण्या (उभ्या पिकाच्या ओळींमधील कोळपणी)
- औषधाचा गट बदलणे, पिकाची फेरपालट

मळणीयंत्र जेथे उभे राहते, तेथून पुढच्या वर्षी तण पसरते, असा माझा अंदाज आहे. यंत्र शेतात येण्याआधी झाडून घ्यावे आणि आज ज्या तासांत केना दाट दिसतो, तेथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात. पुढच्या खरिपात पहिली डवरणी तेथूनच सुरू करता येईल.