डेटाबेसमधे "काहीच मिळत नाही"? या चुका टाळा

प्रोजेक्टचे दिवस आले की साताऱ्यात आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, मॅडम या विषयावर काहीच नाहीये. बहुतेक वेळा डेटाबेसमधे, म्हणजे संशोधन पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात, भरपूर असतं हो, फक्त शब्द चुकलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खा प्रश्न टाइप करणं. "कोयना धरणामुळे भूकंप कसे होतात" असं गुगलला विचारलं की चालून जातं, पण बऱ्याच डेटाबेसमधे तुम्ही टाकलेला प्रत्येक शब्द पेपरमधे असावाच लागतो, म्हणून इंग्रजीत लांबलचक वाक्य टाकलं की रिझल्ट शून्य. आधी विषयाचे दोन-तीन तुकडे पाडा आणि संशोधक त्याला काय म्हणतात ते शोधा. कोयनेच्या बाबतीत जुन्या पेपरमधे "रिझर्वॉयर इन्ड्यूस्ड सेस्मिसिटी" (जलाशयामुळे होणारे भूकंप) सापडेल, नंतरच्या बऱ्याच पेपरमधे "इन्ड्यूस्ड"च्या जागी "ट्रिगर्ड", त्यामुळे दोन्ही टाका, मधे कॅपिटलमधे ऑर, दोन्ही मिळून एका कंसात, आणि मग अँड कोयना. कंस विसरलात तर भलतेच पेपर येतात, आणि स्मॉल अक्षरातला ऑर गुगल स्कॉलर (गुगलचं संशोधन पेपर शोधायचं पान) "हे किंवा ते" अशी सूचना म्हणून धरतच नाही.

तारखेचंही तसंच. आपल्याकडे तो मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा म्हणून माहितीये, पण जागतिक वेळेनुसार तेव्हा १० तारीख होती, म्हणून कित्येक पेपरमधे १० डिसेंबर लिहिलंय. तारीख टाकून शोधलंत तर निम्मे पेपर हातचे जातील, नुसतं १९६७ टाका. स्पेलिंगचं पण बघा, कास पठार एका ए ने लिहिलेलं असतं आणि दोन ए नेही.

घरून पेपर उघडला आणि डॉलरमधे पैसे मागितले तर प्लीज भरू नका. आधी कॉलेजच्या आयडीने लॉगिन केलंय का बघा, मग लायब्ररीत विचारा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी होतं, त्यामुळे मित्राच्या कॉलेजात उघडतंय म्हणजे आपल्याकडे उघडेलच असं नाही. शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी थिसिसचा ऑनलाइन संग्रह, मात्र सगळ्यांना फुकट, तिथे थिसिसच्या फाइल बहुतेक प्रकरणवार असतात, तर संदर्भयादीची फाइल आधी उघडा, अर्धं काम तिथेच होतं.

एक चांगला पेपर मिळाला की तिथेच थांबू नका, स्कॉलरमधे खाली "सायटेड बाय" असतं त्यावर क्लिक करा, त्या पेपरनंतर कोणी काय लिहिलं ते कळतं. ही सवय मुलांना लागावी म्हणून मी फार मागे लागते.

आणि चॅटजीपीटीने दिलेले संदर्भ तसेच चिकटवू नका, त्यातले काही पेपर जगात कुठेच नसतात, लेखक खरा, जर्नल खरं आणि पेपर मात्र बनावट. डीओआय म्हणजे पेपरचा ओळख क्रमांक, त्याच्या आधी https://doi.org/ लावून ब्राउझरमधे टाका, तोच पेपर उघडतोय का बघा, नाही उघडला तर पूर्ण टायटल डबल कोट्समधे टाकून स्कॉलरवर शोधा, तिथेही नसेल तर मला दाखवा, आणि तोवर यादीत घालू नका.