बॅटरी उतरली: जम्पर केबल बरी की जंप स्टार्टर?

किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक होतंय आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतायत, तर बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख आहेत पण एकदाच ‘टक’ होऊन पुढे शांतता, तर आधी बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघा. ते ढिलं असेल किंवा त्यावर पांढरा-हिरवट थर चढला असेल, तर बॅटरी भरलेली असूनही करंट स्टार्टर मोटरपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत, पोचत नाही. आणि इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय पण सुरू होत नाही, तर गडबड इंधनाची किंवा स्पार्कची आहे. तिथे केबलही उपयोगाची नाही आणि जंप स्टार्टरही नाही.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर अंदाज करायची गरजच नाही. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी आणि 11.9 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

आता निवड. जम्पर केबल म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेणारी, टोकांना चिमटे असलेली तारेची जोडी; जंप स्टार्टर म्हणजे स्वतःची बॅटरी असलेली, सोबत नेता येणारी डबी. खरा प्रश्न एकच: गाडी बंद पडेल तेव्हा शेजारी दुसरी चालू गाडी असेल का, आणि तिचं बॉनेट तुमच्या बॉनेटपर्यंत येईल का? बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नाक भिंतीकडे करून लावलेली गाडी असेल, तर तीन मीटरची केबल दुसऱ्या गाडीपर्यंत पोचतच नाही. रात्री एकट्याने प्रवास असेल तर दुसरी गाडी थांबेलच असं नाही. अशांसाठी जंप स्टार्टर. घरात दोन गाड्या असतील, किंवा विकत घेतलेली वस्तू वर्षभर डिकीत विसरायची सवय असेल, तर केबल. केबलला चार्ज करावं लागत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

केबल: जाडीवर सगळं

स्टार्टर मोटर लहान पेट्रोल गाडीतसुद्धा सहज 150-200 अँपिअर ओढते. डिझेलची भूक याहून मोठी. आता चार मीटरची तांब्याची जोडी घ्या, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तार. आतली तार 25 चौरस मिलिमीटरची असेल तर 200 अँपिअरला वाटेत सुमारे 1.1 व्होल्ट पडतो. चालण्यासारखं आहे. तीच तार 6 चौरस मिलिमीटरची असेल तर 4.7 व्होल्ट वाटेतच जातात, आणि तार नुसता तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असेल तर आकडा सातच्या आसपास. म्हणजे प्रत्यक्षात तेवढा करंट त्या तारेतून वाहूच शकत नाही. तार गरम होते आणि स्टार्टर कण्हत राहतो.

फसवणूक इथेच होते, कारण बाहेरून दोन्ही केबली सारख्याच जाड दिसतात. आत बारीक तार आणि वर भरपूर प्लास्टिक. म्हणून पाकिटावरचे अँपिअर वाचू नका, तारेचं क्षेत्रफळ बघा: पेट्रोलला किमान 16, डिझेलला 25 किंवा 35 चौरस मिलिमीटर. ते छापलेलंच नसेल तर केबल घेऊ नका. मग चिमटा उघडून बघा. बऱ्याच चिमट्यांत तार एकाच जबड्याला जोडलेली असते, दुसरा जबडा नुसता स्प्रिंगवर दाबतो. दोन्ही जबड्यांना जोडणारी तांब्याची वेणी दिसली तर चिमटा चांगला.

जंप स्टार्टर: आकडे वाचताना

12,000 एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की ऊर्जा भरते सुमारे 44 वॉट-तास. गाडीची 45 अँपिअर-तासांची बॅटरी 540 वॉट-तासांची. म्हणजे या डबीने तुमची बॅटरी चार्ज होणार नाही. ती फक्त काही सेकंदांचा जोर देते. ‘पीक अँप’ हा क्षणभराचा आकडा, जाहिरातीसाठी ठीक. सलग किती करंट देते आणि किती लिटरच्या इंजिनाला चालते, ते बघा. एकाच डबीवर डिझेलची मर्यादा पेट्रोलपेक्षा कमी लिहिलेली असते; डिझेल गाडी असेल तर तीच तुमची.

उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लिथियमचा डबा ठेवणं म्हणजे तो स्वतःहून खराब करणं. सीटखाली ठेवा, कडक उन्हाळ्यात उतरताना सोबत घ्या. दर तीन महिन्यांनी चार्ज बघा आणि अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. डबा फुगला असेल तर तो लावायचा नाही, चार्जही करायचा नाही. कॅपॅसिटरवाले जंप स्टार्टरही मिळतात. ते उतरलेल्या बॅटरीतली उरलीसुरली वीज गोळा करून एकदम सोडतात. पण बॅटरी अगदीच कोरडी असेल तर त्यांना आधी दुसरीकडून भरावं लागतं.

केबल लावताना

दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्या हव्यात. 24 व्होल्टच्या ट्रकवरून कार सुरू करायला गेलात तर कारचं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. गाड्या एकमेकींना टेकू नयेत. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये टाका, एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद करा. बॅटरी तडकलेली, फुगलेली किंवा गोठलेली असेल तर थांबा, तिला हात लावू नका.

1. लाल चिमटा बंद गाडीच्या प्लसला.
2. दुसरा लाल चालू गाडीच्या प्लसला.
3. काळा चालू गाडीच्या मायनसला.
4. शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या रंग न दिलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडतेच, आणि लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. तो हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको, म्हणून लांबचा धातू. शिवाय स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो. चिमटा तिथेच लावला तर त्याचा हिशेब चुकतो. बॅटरी डिकीत असेल तर बॉनेटखाली जंपसाठी दिलेलं टर्मिनल शोधा.

चालू गाडी पाच-दहा मिनिटं जरा चढ्या रेसवर ठेवा. ही वाट बघणं वाया जात नाही: बारीक केबलनेही कधीकधी गाडी सुरू होते ती याच वेळात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव आल्यामुळे. मग बंद गाडीचा सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. सुरू झाली की ब्लोअर लावा, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेजची उसळी येत नाही. चिमटे नेमक्या उलट्या क्रमाने काढा.

दुचाकीची बॅटरी कारवरून जागवायची असेल तर कारचं इंजिन बंदच ठेवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून दुसरी गाडी सुरू करण्याच्या भानगडीत मॅन्युअल वाचल्याशिवाय पडू नका.

जंप स्टार्टर लावताना

आधी चिमट्याची वायर डबीत पूर्ण बसवा, मग लाल प्लसला आणि काळा मायनसला किंवा इंजिनच्या धातूला, मॅन्युअल सांगेल तसा. हिरवा दिवा लागला की लगेच सेल्फ मारा. इथे दहा मिनिटं थांबण्यात अर्थ नाही. लाल दिवा आणि शिट्टी म्हणजे चिमटे उलटे लागले. दिवाच लागत नसेल तर बॅटरी इतकी उतरली आहे की डबीला ती ओळखूच येत नाही. त्यासाठी ‘बूस्ट’ बटण असतं, पण ते दाबलं की उलट्या जोडणीचं संरक्षण बंद होतं, म्हणून आधी लाल-काळा पुन्हा एकदा तपासा. इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात डबी काढून घ्या.

गाडी सुरू झाली तरी लगेच बंद करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा, आणि जमलं तर रात्री चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरा. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.7 व्होल्ट दिसायला हवेत. आकडा 12.5 च्या खाली राहून आणखी घसरत असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा गेलाय. मग गाडी सरळ गॅरेजकडे घ्या, वाटेत कुठेही इंजिन बंद न करता.