सोसायटीतल्या पोरांना 'फ्रेम्ड' वाचून दाखवायचंय? असं करा

फ्रँक कॉट्रेल-बॉइसचं हे पुस्तक पोरांना भरपूर हसवतं, पण आधी खरी गोष्ट सांगा, १९४१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बपासून वाचवायला वेल्समधल्या मानोडच्या दगडखाणीत नेऊन ठेवली होती आणि १९४२ पासून दर महिन्याला त्यातलं एकच चित्र लंडनला आणून लोकांसाठी लावायचे. हे माहीत असलं की पुस्तकातल्या छोट्या गावात अशीच चित्रं आल्यावर माणसं कशी बदलतात ते पोरांना लगेच कळतं.

आम्ही घोडबंदरला सोसायटीत हेच केलं. रोज थोडंच वाचायचं, मराठीत सांगत सांगत, आणि महिन्याला एक चित्र लिफ्टशेजारी. पहिलं व्हॅन आयक या चित्रकाराचं १४३४ चं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र लावा, कलर प्रिंट मोठीच काढा हां, कारण खरी गंमत मागच्या गोल आरशात आहे, त्यात दारातून येणारी दोन माणसं दिसतात, पोरांना ती स्वतः शोधू दे. चित्राखाली माहिती चिकटवू नका, लोक ती वाचतात आणि चित्र बघतच नाहीत. आमचे दूधवाले काका रोज थांबून त्या चित्रातल्या कुत्र्याचा केस न् केस बघायचे.