पॅटर्नवरून सैल ड्रेस घरी शिवायचा असेल तर

मे महिन्यात रत्नागिरीत दुपारी अंगाला चिकटणारं काहीही घालवत नाही, आणि गणपतीच्या आधी टेलरकडे कापड टाकलं तर तो दिवाळीचीच तारीख देतो, म्हणून मी गेली काही वर्षं माझे घरातले-बाहेरचे सैल ड्रेस पॅटर्नवरून, म्हणजे ड्रेसच्या भागांच्या छापील कागदी नमुन्यावरून, घरीच शिवते. ज्यांना सरळ शिलाई मारता येते त्यांना हे नक्की जमेल.

पहिली गोष्ट मापाची, कारण सगळे इथेच फसतात. सैलच तर आहे, मग माप कशाला एवढं बघायचं, असं म्हणून एक साईझ मोठा पॅटर्न घेतात आणि मग गळा खांद्यावरून घसरतो, मुंढा (बाही जोडायची गोलाई) काखेच्या खाली लोंबतो आणि हात वर केला की अख्खा ड्रेस वर येतो. सैल ड्रेसचा सगळा भार खांद्यावर असतो हो, त्यामुळे तीरा (खांद्याची रुंदी), मुंढा आणि गळा हे तीन तुमच्या अंगाचेच हवेत, त्याच्या खाली घेर कितीही असू दे. म्हणून रेडीमेडचा एल-एक्सएल विसरा आणि पॅटर्नवरच्या टेबलात छातीचं माप बघा. तयार ड्रेसचं माप दिलेलं असेल तर तेही बघा. छाती ३८ आणि तयार ड्रेस ४३-४४ म्हणजे पाच-सहा इंच लूज, आपल्या दमट हवेत एवढं छान वाटतं. छाती भरलेली पण खांदे अरुंद असतील तर खांद्याप्रमाणे साईझ घ्यायचा आणि बाजूच्या शिलाईला वाढवायचं, उलटं करू नका.

पॅटर्न नेटवरून काढणार असाल तर प्रिंट शंभर टक्केच काढायला सांगा. माझा पहिला पॅटर्न दुकानात पानात बसवून काढला, मी न मोजता पंचवीस-तीस कागद चिकटवले आणि कापड कापल्यावर कळलं की सगळंच लहान झालंय. कोपऱ्यात एक चौकोन छापलेला असतो, पहिलं पान आलं की तो टेपने मोजायचा आणि बरोबर असला तरच बाकीची पानं काढायची. पावसात कागद सादळतो आणि लोळागोळा होतो म्हणून मी पॅटर्न लगेच वह्यांच्या खाकी पेपरवर उतरवून घेते. उतरवताना मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडायची जास्तीची जागा, धरलंय का ते वाचा. बुर्डा मासिकातल्या पॅटर्नला मार्जिन नसतं, ते आपण वाढवायचं, आणि पाकिटातल्या बऱ्याच पॅटर्नना पाच सूत धरलेलं असतं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

कापड सुतीच घ्या, कॅम्ब्रिक किंवा जरा जाड मलमल. ४४ इंची पन्ना (कापडाची रुंदी) असेल आणि ड्रेस पोटरीपर्यंत हवा असेल तर बाह्यांसकट साधारण तीन मीटर लागतं, कारण पुढचा आणि मागचा भाग घेरामुळे एका रुंदीत शेजारी-शेजारी बसत नाहीत. आणलं की आधी भिजवा. शेजारच्या काकी मी कापड घेऊन येताना दिसले की अजून पडवीतून विचारतात, "आधी भिजवलंस काय गो?" आणि त्यांचं खरंच आहे, तीन मीटरमागे दोन-चार इंच सहज आटतं आणि ते शिवल्यावर आटलं तर उपाय नाही. पावसाळ्यात उघडीप बघून भिजवा, अर्धवट ओल्या कापडाला कुबट वास धरतो आणि ते कापताना सरकतं पण. मग इस्त्री करून लादीवर पसरायचं, पॅटर्नवरचा बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवायचा, बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंत टेप लावून मोजायचं. बाण तिरका गेला तर दोन धुण्यांत ड्रेस एका बाजूला फिरतो.

कापल्या कापल्या गळ्याच्या कडेला मार्जिनच्या आतून एक साधी शिलाई मारून घ्या, नाहीतर हाताळताना गळा ताणतो. मलमलला ११ नंबरची सुई, कॅम्ब्रिकला १४. मशीनला मशीनचंच तेल घाला, खोबरेल नको, ते आत चिकट होऊन बसतं, आणि खारी हवा असल्यामुळे वापर नसतानाही पुसून तेल द्यावंच लागतं. माझी पायाची मशीन आहे त्यामुळे लाईट गेली तरी काम थांबत नाही.

क्रम असा: आधी खांदे, मग गळा, मग बाही उघड्या मुंढ्यालाच जोडायची, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत बाजूची एकच लांब शिलाई. गळ्याला सव्वा इंचाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा, सरळ पट्टी गोलाईत बसत नाही. पट्टी उलटवण्याआधी मार्जिनला बारीक कट मारा, शिलाई तुटू देऊ नका. आणि पट्टी लावायच्या आधी गळ्याचा घेर मोजा, डोक्याचा घेर साधारण २२ इंच असतो, गळा त्याहून कमी भरला तर मागे चीर ठेवून एक बटण द्यावं लागेल.

बाजूला मी इंटरलॉकऐवजी फ्रेंच शिलाई (कापडाच्या कडा आत झाकणारी दुहेरी शिलाई) घालते, घामेजल्या अंगाला इंटरलॉकचा दोरा टोचतो. कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून दोन सुतांवर शिलाई, मार्जिन छाटायचं, उलटवून इस्त्री, मग सुलट बाजू आत घेऊन तीन सुतांवर दुसरी. दोन आणि तीन मिळून पॅटर्नचे पाच सूत बरोबर भरतात. खिसा हवा असेल (हवाच!) तर तो आधी जोडा आणि त्या जागेपुरती साधी शिलाई ठेवा, तिथे फ्रेंच शिलाई पहिल्यांदा जमत नाही.

खालची पट्टी लगेच दुमडू नका. ड्रेस एक रात्र हँगरला टांगून ठेवा, घेरातला तिरका भाग जरा खाली उतरतो, सकाळी घालून कोणालातरी जमिनीपासून माप घेऊन खडूने खूण करायला सांगा. आणि उंची घोट्याच्या चार-पाच बोटं वरच ठेवा, अंगणातली तांबडी माती एकदा पांढऱ्या मलमलच्या काठात शिरली की निघत नाही.