आई-बाबांचं बीपी, झोप, शुगर बिघडतंय? गोळ्यांसोबत आजूबाजूचं वातावरणही तपासा

"वय झालं की असं व्हायचंच" हे आधी डोक्यातून काढा. झोप तुटक झाली, बीपी वरखाली होतंय, औषधं चालू असूनही शुगर आटोक्यात नाही, असं असेल तर डॉक्टरकडे जायचंच, त्यात चालढकल नको. पण जाण्याआधी जरा आठवून बघा, गेल्या काही महिन्यांत यांच्या आयुष्यात काय बदललं? जोडीदार गेला, घर बदललं, रोज भेटणारा मित्र अंथरुणाला खिळला, घरात सारखी धुसफूस चालू आहे, किंवा पैशांचे सगळे व्यवहार मुलांनी हातात घेतले. डॉक्टरांना हेही सांगायचं असतं, आपण नेमकं तेच गाळतो.

टेन्शन आलं की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्याने शुगर वर जाते, बीपीही चढतं. प्रसंग संपला की ते खाली यायला हवं, पण वयानुसार हे खाली येणं बऱ्याच जणांत हळू होतं, आणि ताण रोजचाच असेल तर प्रतिकारशक्तीही मार खाते. 1995 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाईकाची काळजी घेणाऱ्या 13 बायका आणि अशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका, सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम करून ती कधी भरते ते संशोधक बघत बसले. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले! टेन्शन म्हणजे "नुसतं मनाचं" असं कोणी म्हटलं की मला हाच अभ्यास आठवतो.

तर सुरुवात एका साध्या वहीपासून करा. दोन आठवडे रोज बीपी आणि झोप लिहायची आणि शेजारी त्या दिवशी कोण भेटलं, कशावरून वाजलं हे एका ओळीत. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्या आणि मोजताना गप्पा नकोत, बोलण्यानेही आकडा वाढतो. काही दिवसांत कधीकधी पॅटर्न दिसायला लागतो.

मग माणसांकडे बघा. एकटं राहणं आणि एकटं वाटणं वेगळं, भरल्या घरात दिवसभर कोणी धड बोलत नाही असंही असतं. फोनवर आपण काय विचारतो? जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवतो. ही हजेरी झाली, बोलणं नाही. त्याऐवजी त्यांना काहीतरी विचारा ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत आहे, सल्ला मागा, आणि फोनची वेळ ठरलेली ठेवा म्हणजे वाट बघायला काहीतरी राहतं. चारचौघांत बसायचं टाळायला लागले असतील तर आधी कान तपासून घ्या, ऐकू येत नाही म्हणून माणूस मागे सरतो आणि आपण म्हणतो स्वभाव बदलला.

सगळ्यात जास्त चूक होते ती काळजीच्या नावाखाली. "तुम्ही बसा, मी करतो" म्हणत आपण त्यांचा एकेक निर्णय काढून घेतो. अमेरिकेत 1976 साली लँगर आणि रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला, एका गटाला स्वतः रोप निवडून सांभाळायला दिलं, खोलीतल्या बारीकसारीक गोष्टी ठरवायला सांगितलं, दुसऱ्या गटाचं रोप आणि बाकी सगळं स्टाफने बघितलं. पहिला गट जास्त उत्साही आणि तरतरीत दिसला. म्हणून जमतंय तोवर स्वतःचा पैसा, स्वतःची वेळ, आज कोणाला भेटायचं हे त्यांच्याच हातात राहू द्या, उशीर लागला तरी चालेल. घर बदलायचंच असेल तर आधी विचारा, सगळं ठरवून मग "कळवू" नका.

आणि हो, आजारी जोडीदाराची सेवा करणारी आजी किंवा आजोबा घरात असतील तर तब्येत त्यांचीही तपासा. सगळे पेशंटची चौकशी करतात, यांची कोणी करत नाही. आठवड्यातून ठरलेले काही तास त्यांना पूर्ण सुट्टी द्या आणि तेवढा वेळ तुम्ही किंवा दुसरं कोणीतरी खरंच तिथे थांबा.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळंच टेन्शनवर ढकलायचं नाही. म्हाताऱ्या माणसांत डिप्रेशन रडण्यातून दिसेलच असं नाही, अंगदुखी, थकवा, भूक मरणं असंही दिसतं, त्यावर उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागले तर ते हसण्यावारी नेऊ नका, थेट विचारा आणि लगेच मदत घ्या. एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलायला लागले किंवा माणसं ओळखेनात तर इन्फेक्शन किंवा औषधांचा परिणामही असू शकतो, तेव्हा वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरचं वातावरण सुधारलं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.