वाढत्या वयात चपलेचा नंबर का बदलतो आणि घरच्या घरी पाय कसा मोजावा

आमचे बाबा चाळीस वर्षं सात नंबर घालत आले. लग्नात सात, निवृत्तीच्या निरोप समारंभातही सात. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं, तेव्हा मी बिनधास्त सात नंबरचेच स्पोर्ट्स शूज मागवले. आठ दिवसांत उजव्या करंगळीला फोड आला आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. बाबांचं म्हणणं एकच, "हल्ली मापंच नीट काढत नाहीत." शेवटी कागदावर पाय ठेवून मोजला. डावा २६.१ सेंटिमीटर, उजवा २६.५. म्हणजे आठ नंबर, आणि तोही रुंद.

इतकी वर्षं कळलं कसं नाही? चपलेमुळे. टाच मागून बोटभर बाहेर आली, करंगळी कडेवरून घसरली, तरी चप्पल सगळं सांभाळून घेते. बूट घालायची वेळ आली की बिंग फुटतं. म्हणून घरात पन्नाशी ओलांडलेलं कुणी असेल, तर पुढची खरेदी पाठ असलेल्या नंबरावर करू नका.

पाय वाढत नाही, पसरतो

हाडांची लांबी वाढायची ती पौगंडावस्थेतच वाढते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यात मुलींचे पाय सरासरी अकराव्या वर्षापर्यंत, तर मुलांचे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत पूर्ण वाढतात असं दिसलं. पुढे जे होतं ती वाढ नव्हे. एका पायात २६ हाडं असतात आणि ती अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात. वर्षानुवर्षं भार वाहून हे बंध सैल पडतात, खाटेची सुंभ सैल पडावी तसे. पोटरीकडून आतल्या घोट्यामागून खाली येणारा एक स्नायूबंध तळव्याची कमान उचलून धरतो. तो थकला की कमान बसते. कमान बसली की पाय लांब होतो आणि चवड्यापाशी रुंदही होतो. वजन वाढलं असेल तर हे लवकर घडतं.

टाचेखालची चरबीची गादी मात्र वयाबरोबर पातळ होत जाते. म्हणजे पाय मोठा होतो आणि त्याचं अंगचं अस्तर कमी होतं. साठीनंतर फरशीवर अनवाणी चालताना टाच दुखते, त्यामागे हेही एक कारण असतं.

बाळंतपणानंतर चपला घट्ट होतात, हे बायकांना कुणी सांगायला नको. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४९ गरोदर स्त्रियांचे पाय आधी आणि नंतर मोजून तेच दाखवलं: बहुतेकींची कमान थोडी खाली आली होती आणि पाय लांबला होता. सूज उतरते, पण कमान सगळ्यांचीच पुन्हा वर जात नाही. त्यामुळे बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की एकदा पाय मोजा, मगच जुन्या सँडल ठेवायच्या की बहिणीला द्यायच्या ते ठरवा.

आता थोडा हिशेब. आपल्याकडे चालणारा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबराचं अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर चार मिलिमीटरच्या आसपास. कमान बसून पाय चार-पाच मिलिमीटर लांबला की अर्धा नंबर गेलाच, आणि आपल्याकडे अर्धे नंबर सगळ्या दुकानांत मिळतही नाहीत.

मोजायचं कसं

वेळ संध्याकाळची. दिवसभराच्या उभं राहण्याने पाय थोडा सुजलेला असतो, आणि बूट त्या पायालाही मावायला हवा. सकाळी मोजलेलं माप संध्याकाळी चावतं.

कागद भिंतीला अगदी टेकवून जमिनीवर ठेवा. तो सरकू नये म्हणून चिकटपट्टी लावा. आता कागदावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसून मोजू नका. बसल्यावर कमान उचललेली राहते आणि माप कमी भरतं. वाकून स्वतःचं माप स्वतः घेऊ नका, कारण वाकलं की भार सरकतो. हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. वयस्कर माणसाला खुर्चीच्या पाठीचा आधार द्या.

पेन्सिल सरळ उभी धरा. ती आत कलली तर रेघ पायाखाली जाते आणि माप कमी येतं, बाहेर कलली तर जास्त. सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. भिंतीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर ही लांबी. मग चवड्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे पाय सगळ्यात रुंद आहे तिथे, खुणा करून रुंदी मोजा. तिसरं माप फारसं कुणी घेत नाही, पण शिंप्याच्या टेपने चवड्याभोवतीचा घेरही घ्या. बोटांवर उंचवटे असलेल्यांना तोच उपयोगी पडतो.

दोन्ही पाय मोजा. उजव्या-डाव्यात फरक असणं अगदी सामान्य आहे. मोठ्या पायाचं माप खरं धरायचं. लहान पायासाठी आत एक जादा सोल घालता येतो, पण आवळणाऱ्या बुटाला इलाज नाही.

कागदावर नाव आणि तारीख लिहा आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडे दिवाळीच्या आधी मोजतो, कारण खरेदी तेव्हाच होते.

घरातले बूट तपासा

त्याच कागदावरची आकृती कात्रीने कापून घ्या आणि बुटात सरकवा. कागद कडेला दुमडला, तर तुमचा पायही तिथेच दुमडतोय. आतला सोल निघत असेल तर तो बाहेर काढून त्याच्यावर उभं राहा. पाय सोलाच्या कडेबाहेर ओघळला तर बूट अरुंद आहे, मग तो कितीही "सैल व्हायचाय" म्हणा.

कातड्याची गोष्ट वेगळी. कोल्हापुरी घेताना थोडी घट्टच घ्यायची असते, कारण चामडं चालून चालून पायाचा आकार घेतं. पण हे कातड्यापुरतंच. रेक्झिन आणि प्लास्टिक सैल होत नाही, फाटतं.

दुकानात

नंबर सांगू नका, सेंटिमीटर सांगा. एकाच पायाला एका कंपनीचा आठ बसतो तर दुसरीचा नऊ. शिवाय ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय नंबर वेगवेगळे. युरोपीय पद्धतीत एका नंबराचं अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर असतं. ऑनलाइन मागवताना तक्त्यात पायाची लांबी दिली आहे की आतल्या सोलाची, ते बघून घ्या. हे दोन्ही सर्रास गल्लत करून लिहिलेले असतात. वर सांगितलेल्या सर्वेक्षणावरूनच भारतीय पायांसाठी 'भा' नावाची मापपद्धत तयार झाली. आपले पाय सरासरीने युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. परदेशी मापाचा बूट लांबीला बरोबर आणि करंगळीशी घट्ट का होतो, त्याचं उत्तर यात आहे.

बूट घालून उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर, फार तर अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बूट तिथेच वाकायला हवा जिथे पाय वाकतो, चवड्यापाशी. मधोमध वाकणारा बूट परत करा. रोज जे मोजे घालता तेच घालून जा. विक्रेता "एक नंबर मोठा घ्या, ढगळ घातलं की आराम" म्हणेल, तर ऐकू नका. टाच निसटली की म्हातारा माणूस पडतो. रुंदी हवी असेल तर रुंद फर्मा मागा, लांबी वाढवून रुंदी मिळवू नका.

लहान मुलांचं थोडक्यात

जूनमध्ये शाळेचे बूट "वाढत्या पायाचे" घ्यायचे आणि पुढे कापसाचे बोळे कोंबायचे, हा आपला जुना उद्योग. समजू शकतो, बूट महाग आहेत. पण पुढे बोटभरापेक्षा जास्त जागा ठेवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांचा पाय दर तीन महिन्यांनी मोजा. त्यांचा तळवा सपाट दिसला तर घाबरू नका. तिथे चरबी असते, कमान पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत दिसू लागते.

साखर असेल तर

हा भाग मी बाबांमुळे शिकले. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. अशा माणसाला घट्ट बूटच बरोबर वाटतो, कारण सैल बूट त्याला जाणवतच नाही. तेव्हा "कसं वाटतंय?" या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. माप आणि डोळे यांवर विसंबा.

एक सोपी चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केली आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट लावा, दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा. अशा माणसाने घरातही अनवाणी फिरू नये आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, टाचणी, उसवलेली शिवण बघावी.

नंबर हळूहळू बदलला तर वय. एकदम बदलला तर दुसरं काही. दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, किंवा रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळीही कारण असू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, गरम लागला, तर बूट बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नवे बूट आणल्यावर दोन-तीन संध्याकाळी घरातल्या घरात, पुसलेल्या फरशीवर अर्धा-अर्धा तास घालून फिरा आणि काढल्यावर पायावर लाल वळ उठलेत का ते बघा. वळ पंधरा-वीस मिनिटांत गेले नाहीत तर बूट परत करा. तोवर सोलाला रस्त्याची माती लागलेली नसते आणि बिल खिशात असतं, त्यामुळे दुकानदारही फार खळखळ करत नाही.