नवा फिश टँक मुरायला वेळ द्या

नव्या टँकमधले मासे बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार आठवड्यांतच मरतात, आणि गंमत म्हणजे तेव्हा पाणी अगदी नितळ दिसत असतं. मग दोष दुकानदारावर जातो: त्यानं आजारीच मासे दिले. कधी ते खरंही असतं. पण दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं. टँक शनिवारी आणला, त्याच संध्याकाळी भरला आणि रविवारी सकाळी त्यात मासे सोडले.

लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही. टँकही तसाच मुरावा लागतो. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. जुन्या टँकमध्ये एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं आहेत, तिसरं थोड्या प्रमाणात माशांना चालतं. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच, आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं तर थोडं लवकर जमतं, नागपूरच्या डिसेंबरात हीटरशिवाय जास्तच लागतात.

आता मांडणी. पहिला टँक २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच घ्या. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून ६१ नं भागलं की लिटर मिळतात: २४ × १२ × १२ म्हणजे साधारण ५६ लिटर, वरची रिकामी जागा आणि खडी वजा केली की ५० धरा. गोल बाउल तर घेऊच नका. लहान भांड्यात चूक सावरायला वेळच मिळत नाही; पाच लिटरमध्ये एक मासा मेला की रात्रीत सगळं पाणी नासतं. भरलेला टँक पाऊणशे किलोच्या घरात जातो, तेव्हा शोकेसच्या फळीवर नको. मजबूत, सपाट स्टँडवर ठेवा आणि खाली थर्माकोलची शीट घाला, नाहीतर स्टँडच्या एवढ्याशा उंचवट्यानं तळाच्या काचेला तडा जातो. पश्चिमेची भिंत आणि खिडकी टाळा. उन्हात शेवाळ फोफावतं, आणि वरच्या मजल्यावरच्या घरांत ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.

पाच-सहा किलो साधी, बारीक खडी पुरते. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवायची, साबण न लावता. खडीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी आणखी जड म्हणजे क्षारयुक्त करेल, परत करा.

फिल्टर तासाला २०० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा हवा. एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त आहे आणि नवशिक्यासाठी सगळ्यात भरवशाचा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, किंवा नळीत एकाच दिशेनं हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाईन गेली की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून फरशीवर येतं. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. फिल्टर चोवीस तास चालू असतो. आवाज होतो म्हणून रात्री बंद करणारे बरेच आहेत. बंद स्पंजातले जीवाणू ऑक्सिजनवाचून मरू लागतात आणि सकाळी तोच सडका ऐवज पाण्यात परततो.

आपल्या नागपुरात नळाला पेंच धरणाचं आणि कन्हान नदीचं पाणी येतं, शुद्ध केलेलं आणि क्लोरीन घातलेलं. ते क्लोरीन आपल्याला सुरक्षित ठेवतं, पण माशांचे कल्ले जाळतं आणि जीवाणूही मारतं. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं; घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनची चिंता नाही, पण त्यात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. एक रात्र एअरस्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, लावून मगच वापरा. नुसतं आरओचं पाणी घालू नका, त्यात माशांना लागणारे क्षारच उरत नाहीत. आणि टीडीएस मीटर बघून निर्धास्त होऊ नका. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. अमोनिया मासे मारण्याइतका झाला तरी त्याचा आकडा जेमतेम हलतो.

टँक भरला, फिल्टर सुरू केला की मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजेल, अमोनिया तयार होईल आणि जीवाणूंना तेच अन्न. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजणारं थेंबांचं टेस्ट किट घ्या. एकवेळ दिवा नंतर घ्या, किट आधी. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइटचा रंग गडद होतो. याच टप्प्यावर लोक फसतात: अमोनिया शून्य दिसला म्हणून मासे आणतात आणि ते नायट्राइटनं जातात, कारण त्यानं रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. रोज खाद्य टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं सलग तीन-चार दिवस आलं की टँक मुरला. एक तृतीयांश पाणी बदला आणि मासे आणायला निघा.

मध्ये एखाद्या दिवशी पाणी दुधाळ होईल. घाबरून सगळं ओतून देऊ नका. ती पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्या जीवाणूंची वाढ आहे, चार-सहा दिवसांत आपोआप निवळते.

ओळखीत कुणाचा निरोगी, वर्षभर चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागा. त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका, आणि आपल्या फिल्टरला लावा. महिन्याचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं. हे विरजणासारखंच आहे.

मासे कोणते? नळाचं पाणी जरा जड, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) साडेसातच्या वर, आणि उन्हाळा असा. अशा ठिकाणी गप्पी, मॉली, प्लॅटी ही मंडळी छान टिकतात. डासांच्या अळ्या खायला विहिरींत सोडतात तेच हे गप्पी, चिवट आहेत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीचा जीव नकोसा करतात. महिन्या-महिन्याला पिल्लं नको असतील तर नुसते नरच आणा. निऑन टेट्रा दिसतो सुंदर, पण त्याला मऊ आणि गार पाणी लागतं. आपला मे त्याला झेपत नाही. दुकानात बोटाएवढा दिसणारा ‘शार्क’ तीन फुटांपर्यंत वाढणाऱ्या जातीचा असतो, आणि काच साफ करायला म्हणून देतात तो सकर फूटभर होऊन स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवायचा असेल तर दोन फुटांचा टँक विसरा. नऊ गोल्डफिश त्यात तगत नाहीत, आणि मेलेले मासे कुठल्याच दिशेला शुभ नसतात.

सुरुवात तीन-चार माशांनी करा. दोन आठवडे अमोनिया शून्यावर राहिला तर आणखी तीन-चार. ५० लिटरला एकूण दहा-बारा लहान मासे पुष्कळ झाले. मासे दुकानातून लांब, समजा सीताबर्डीहून मानेवाड्याला, नेणार असाल तर सकाळी किंवा सूर्य मावळल्यावर न्या. एप्रिलच्या दुपारी स्कूटीच्या डिक्कीत पिशवी उकळते म्हटलं तरी चालेल. घरी आल्यावर दिवा बंद करा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासानं मासे जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तळाशी पडलेला प्रत्येक दाणा म्हणजे अमोनियाच. आठवड्यातून एक दिवस उपास घडवा, बिघडत काहीच नाही.

आणि रविवारची टँकधुणी बंद. सगळे मासे टबात काढायचे, खडी घासायची, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र करायचा आणि ताजं पाणी भरायचं, हा प्रकार म्हणजे मुरलेला टँक पुन्हा पहिल्या दिवसावर आणणं. त्याऐवजी आठवड्याला नळीनं खडीतला गाळ ओढत बारा लिटर, म्हणजे एक लहान बादली पाणी काढा. त्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळा. तेवढंच. पाणी तपकिरी होईल, स्पंज मळकटच राहील, तो तसाच असायला हवा. मग क्लोरीन उडवलेलं, साधारण त्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात.

आता उन्हाळा, कारण बाहेरच्या पुस्तकांत हा भाग नसतो. बाहेर ४५ अंश असताना घरातल्या टँकचं पाणी ३३-३४ वर जातं. २५ अंशांना एका लिटर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला सुमारे ७. वर माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले, आणि गरम पाण्यात, त्यातही पीएच जास्त असेल तर, तोच अमोनिया अधिक विषारी. म्हणून नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

काचेचं झाकण काढा आणि त्याजागी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून लावा, मासे उडी मारतात. एक छोटा टेबलफॅन असा ठेवा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा जाईल. कूलर ज्या युक्तीनं खोली गार करतो तीच ही युक्ती, आणि मेच्या कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत तिचा उपयोग नाही, आणि बंद खोलीत कूलर जोरात चालला तरी हवा ओली होऊन फॅनचा गुण कमी होतो. फार तापलं तर अर्ध्या लिटरची बर्फ झालेली बाटली बंद बुचासकट तरंगत ठेवा. ५० लिटर पाणी ती साधारण एका अंशानं उतरवते. एका वेळी एकच. झटक्यात चार अंश पाडलेत तर उन्हापेक्षा तुम्हीच जास्त त्रास दिलात.

फॅनमुळे रोज लिटरभर पाणी उडतं, पण क्षार मागेच राहतात. कूलरच्या गवताच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोच. म्हणून नुसती भर घालत राहू नका, आठवड्याचं पाणी बदलणं चालूच ठेवा. भरायचं पाणी पहाटे भरून ठेवा. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हातसुद्धा ठेववत नाही. लाईन तासन्‌तास गेली तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मगभर पाणी काढून वितभर उंचीवरून परत ओता. बॅटरीचा एअरपंप घेऊन ठेवलात तर उत्तमच.

डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन टँकच्या खोलीत नको. त्यातली औषधं माशांना अतिशय घातक आहेत, आणि एअरपंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलतो. गल्लीत धूरफवारणी आली की खिडक्या लावा, पंप अर्धा तास बंद ठेवा आणि टँकवर प्लास्टिक टाका.

हिवाळ्याचं काम सोपं आहे: ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर, २५-२६ वर. पाणी काढण्याआधी त्याचा प्लग पंधरा मिनिटं काढून ठेवा. तापलेला हीटर हवेत उघडा पडला की काच फुटते.

थंडीच्या पहिल्या झटक्यानंतर अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर पाणी हळूहळू, दोन दिवसांत, ३० अंशांवर न्या आणि एअर वाढवा. लिटरला दोन ग्रॅमप्रमाणे खडे मीठ, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दोन दिवसांत चार हप्त्यांनी घाला. ठिपके गेले तरी दोन आठवडे पूर्ण करा, कारण परजीवीचा पुढचा हप्ता खडीत वाट बघत असतो. झाडं असतील तर मिठानं त्यांना त्रास होतो. निळं औषध (मेथिलीन ब्लू) टँकमध्ये ओतू नका, ते जीवाणूंनाही मारतं. द्यायचंच तर वेगळ्या बादलीत.

मासे आधीच घाईनं सोडले असतील तर अजून हातात आहे: खाद्य एकाआड एक दिवस, रोज पाव भाग पाणी बदल, आणि नायट्राइट दिसत असेल तर ५० ग्रॅम खडे मीठ. बदललेल्या पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा बारा लिटर नव्या पाण्यामागे बारा ग्रॅम परत घाला. हे तीन-चार आठवडे चालवावं लागतं.

दिवाळीला गावी जाताना पाच-सहा दिवसांची चिंता करू नका, धडधाकट मोठे मासे तेवढे उपाशी सहज राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजारच्या काकूंच्या हातात खाद्याचा डबा देऊ नका, त्या मायेनं मूठभर टाकतील. एकाआड एक दिवसाच्या चिमटीएवढ्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावा.